धोबीपछाड वगळून

आमच्या शाळेतल्या शिवणबाईंचा पदर कुणीतरी भर रस्त्यात ओढला, आणि त्यामुळे मला लग्नानंतर कुस्ती शिकावी लागली.

गोष्ट एकोणीसशे तिसाच्या पुढच्या वर्षांतली. सोलापुरात मुलींच्या एका शाळेत मी मराठी आणि गणित शिकवत असे. माहेर मोहोळचं. नवरा गिरणीच्या कचेरीत कारकून होता. सासरची माणसं सिद्धरामाची भक्त, घरात निम्मं कन्नड आणि निम्मं मराठी. सुनेनं बाहेर नोकरी करावी हे सासूबाईंना पसंत नव्हतं, पण शाळा मुलींची आणि हेडबाई कडक म्हटल्यावर त्यांनी चालवून घेतलं होतं.

शाळेकडून घराकडे येणारी वाट गिरणीच्या मागच्या बोळातून जायची. गिरणीचा भोंगा झाला की त्या बोळातून माणसांचा लोंढा निघे, पण त्या माणसांचा आम्हाला कधी त्रास झाला नाही. दिवसभर राबून आलेल्या माणसाला घर कधी गाठतो असं झालेलं असतं. त्रास होता तो पानाच्या दुकानाशी उभ्या राहणाऱ्या एका रिकामटेकड्याचा. घरचा चांगला, अंगात रेशमी सदरा, कानात अत्तराचा फाया. येणाऱ्याजाणाऱ्या बायकांना ऐकू जाईल असं काहीबाही बोलायचं, हा त्याचा धंदा. आम्ही माना खाली घालून पुढे जात असू, आणि माना खाली घातल्या म्हणून तो जास्त बोलत असे.

त्या दिवशी त्यानं शिवणबाईंचा पदर ओढला. शिवणबाई तेलुगू विणकरांच्या घरातल्या. बुटक्या, अबोल, हातमागाच्या खडखडाटात वाढलेल्या, त्यामुळे गप्प बसणं त्यांना जन्मापासून जमायचं. शाळेत येऊन त्यांनी शांतपणे सांगितलं, "पदर ओढला. मागं बघितलं तर हसत होता. चुकून अडकला, म्हणाला."

हेडबाईंनी चष्मा काढून पुसला. त्या पुण्याकडच्या, पांढऱ्या लुगड्यातल्या, आणि चष्मा पुसायला लागल्या की मुली आपोआप उभ्या राहायच्या. आम्हीही उभ्या राहिलो.

संध्याकाळी त्या शाळेच्या अध्यक्षांकडे गेल्या. अध्यक्ष मोठे वकील होते. त्यांनी सल्ला दिला, की बाईमाणसांनी त्या वाटेनं जाऊच नये. हेडबाई म्हणाल्या, "मग शाळा उचलून दुसरीकडे ठेवा." वकील म्हणाले, की असं असेल तर एखादा तालमीतला माणूस बघा, बायकांना चार हात शिकवील. हे त्यांनी थट्टेनं म्हटलं होतं. पण हेडबाईंना थट्टा कळत नसे, किंवा कळली तरी त्या ती मंजूर झालेली सूचना म्हणून धरत.

आठवड्याभरात वस्ताद आले. उंचेपुरे, मिशा वर वळवलेल्या, कान कुस्त्यांत चुरगळून गेलेले. शाळेच्या मागच्या अंगणात आम्ही पदर खोचून ओळीनं उभ्या राहिलो. वस्तादांनी आम्हाला नमस्कार केला, गर्रकन वळले, आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

हेडबाईंनी विचारलं, "काय झालं?"

"काय न्हाय बाई," वस्ताद भिंतीला म्हणाले. "बायामानसांकडं बगून मला शिकवता यायचं न्हाय. मी हिकडं तोंड करून करतो, तुमी बगा."

असा आमचा अभ्यास सुरू झाला. वस्ताद भिंतीकडे तोंड करून डाव टाकायचे आणि आम्ही त्यांच्या पाठीवरून पुढं काय चाललं असेल याचा अंदाज करायचो. पाठ अप्रतिम होती, पण हात पुढं गेल्यावर काय करतात ते समजायला मार्ग नव्हता. एक दिवस मी इतका चुकीचा पवित्रा घेतला, की माझ्या पायांचा नुसता आवाज ऐकून वस्ताद संतापानं वळले, "आक्का, तुमी काय पानी भराय निगालाव व्हय?" म्हणाले, आणि एकदा वळले ते वळलेच. मग पुन्हा भिंतीकडे गेले नाहीत.

वस्तादांचा जीव डावांवर होता. त्यांनी आम्हाला ढाक शिकवली, निकाल शिकवला, कलाजंग शिकवलं. एकेक डाव सांगताना तो कुणी कुणाला कुठल्या जत्रेत मारला होता तेही सांगत. सगळ्यांत लाडका डाव धोबीपछाड. समोरच्याचा हात खांद्यावर घ्यायचा, कंबर आत घालायची, आणि धोबी जसं धुणं दगडावर आपटतो तसं त्याला पुढं आपटायचं. ऐकायला सोपं होतं. आपटून घेण्यासाठी शाळेचा शिपाई उभा केला होता. शिपाई म्हातारा, काटकुळा आणि फार सभ्य. शिवणबाईंनी त्याचा हात खांद्यावर घेतला, कंबर आत घातली, आणि नऊवारीचा काष्टा पायात येऊन दोघंही शेजारी शेजारी खाली बसले, देवळात कीर्तनाला बसावं तसे.

"जमंल, जमंल," वस्ताद म्हणाले. "सा म्हैनं लागत्यात."

त्या रात्री जेवताना सासूबाईंनी विचारलं, "कंबर धरून का चालतेस गं?"

"शाळेत कवायत सुरू झालीय," मी म्हणाले. ते खोटं नव्हतं.

धोबीपछाड जमेना म्हणून मी ठोशावर विश्वास ठेवायचं ठरवलं. कापसानं आणि वाळूनं भरलेलं एक पोतं अंगणातल्या लिंबाला टांगलेलं होतं. मी त्या रिकामटेकड्याचं तोंड डोळ्यांसमोर आणलं, मूठ आवळली आणि सगळा जोर काढून मारलं. पोतं जागचं हललं नाही. माझी दोन बोटं मात्र वांग्यासारखी सुजली. पुढचे कित्येक दिवस मी फळ्यावर डाव्या हातानं लिहीत होते. मुलींना त्याचा फार आनंद झाला, कारण बेरजा कुणालाच वाचता येत नव्हत्या.

वस्ताद म्हणाले, "मूठ आवळाय बी शिकावं लागतंय आक्का. त्याला वरीस."

हेडबाई हे सगळं पायरीवर खुर्ची टाकून बघत असत. त्या दिवशी त्या उठल्या. "वस्ताद," त्या म्हणाल्या, "तो माणूस उद्या भेटणार आहे. ह्याला सहा महिने आणि त्याला वर्ष, एवढा वेळ आमच्याकडे नाही. लुगडं नेसलेल्या, हातात पिशवी असलेल्या आणि भीतीनं गारठलेल्या बाईला जे येईल तेवढंच ठेवा."

"म्हंजी बाकीचं टाकायचं?"

"टाकायचं."

आपल्या मुलींना परगावी धाडावं तसं वस्तादांचं तोंड झालं.

भ्यालेल्या बाईला काय येतं हे कसं कळावं? हेडबाईंनी त्यावर तोड काढली. शिपायानं दिवसभरात केव्हाही, कुठंही, मागून येऊन एखाद्या बाईचं मनगट धरायचं, आणि त्या बाईनं त्या क्षणी जे सुचेल ते करायचं. शिपायाच्या पोटाला आणि पाठीला सोलापुरी चादरीच्या घड्या बांधल्या. चादरीनं तो चौपट दिसायला लागला, पण मूळचा सभ्यपणा झाकला गेला नाही. मागून येऊन तो आधी म्हणायचा, "माफ करा बाई, धरतो हं." मग भीती कसली वाटणार? हेडबाईंनी माफी मागायला मनाई केली. तेव्हा तो आधी खोकायला लागला. खोकणं बंद केलं तर बिचाऱ्याच्या अंगाला इतकं कापरं भरायचं, की लांबूनच दात वाजल्याचं ऐकू यायचं.

तरी त्यातून कळायचं ते कळलं. ढाक, निकाल, कलाजंग यातलं एकही कुणाला आठवलं नाही. भूगोलाच्या बाई नुसत्या खाली बसल्या आणि डोळे मिटले. मी किंचाळून पळाले, तेही शिपायाला मागं ओढत, कारण त्यानं मनगट सोडायचं नाही असा हुकूम होता. शिवणबाईंनी मात्र मागं न बघता कोपर मारलं. चादरीची घडी असूनही शिपाई "अगाई गं" म्हणून वाकला. माग चालवणाऱ्या घरातलं कोपर ते, त्याला मागंपुढं जायची सवय होती.

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं होतं. दुसऱ्या दिवशी शिपाई खरोखरीच शिवणबाईंना चहा द्यायला मागून आला, आणि पुन्हा कोपर खाल्लं. चहा शिवायला घेतलेल्या कापडावर सांडला. त्यानंतर तो समोरून येतानाही लांबूनच ओरडे, "चहा आहे बाई, चहा."

मग एका संध्याकाळी छाटणी झाली. हेडबाई खुर्चीत, वस्ताद पायरीवर, आम्ही भोवती.

"कोपर ठेवू," हेडबाई म्हणाल्या. "जवळून मारता येतं, मागं बघावं लागत नाही."

"ठिवा," वस्ताद म्हणाले.

"टाचेनं पायावर मारणं?"

"त्यो डाव न्हाय बाई. त्ये तर म्हस बी करती."

"म्हशीला जमतं म्हणजे आम्हालाही जमेल. ठेवू."

ठोसा गेला, माझी बोटं साक्षीला होती. त्याच्या जागी वस्तादांनी स्वतःच तळहात सुचवला. बोटं मागं वळवायची आणि मनगटाजवळची जाड गादी खालून वर हनुवटीला हाणायची. हाड मोडायची भीती नाही, नेम थोडा चुकला तरी चेहऱ्यावर कुठं ना कुठं लागणारच. मी पोत्यावर मारून पाहिलं. पोतं हललं. मला इतका आनंद झाला की मी पुन्हा पुन्हा मारत राहिले, शेवटी हेडबाईंनी थांबवलं.

"आणि सगळ्यांच्या आधी पळायचं," हेडबाई म्हणाल्या. "वाट मिळाली की पळायचं. मारायचं ते वाट मिळवण्यापुरतं."

"पळायचं?" वस्ताद उभेच राहिले. "तालमीत ह्ये कुनाला सांगू नका बाई. लोक मला गावातनं काडतील."

"आणि धोबीपछाड?" शिवणबाईंनी हळूच विचारलं. वस्तादांनी हेडबाईंकडे आशेनं पाहिलं. हेडबाईंनी मान हलवली. त्या दिवशी वस्तादांनी चहा घेतला नाही.

पुढे आम्ही ते तीनच वार रोज केले. दुसरं काही नाही. कंटाळा आला की वस्ताद म्हणत, "तुमीच म्हनलाव की थोडं ठिवा," आणि आणखी करायला लावत. वार करताना मोठ्यानं "सोड" असं ओरडायचं, हेही त्यात होतं. शेजारच्या घरातली माणसं सुरुवातीला धावून यायची, मग यायची बंद झाली.

मध्येच एकदा अध्यक्ष वकीलसाहेब पाहणीला आले. आमचे वार पाहून त्यांना हसू आलं. "हे ठीक आहे," ते म्हणाले, "पण समजा, माणूस न सांगता मागून आला तर?" आणि हे बोलता बोलता त्यांनी मागून शिवणबाईंचं मनगट धरलं. आमचा शिपाई दाराशी होता. त्यानं डोळे मिटून घेतले. पुढच्या क्षणी वकीलसाहेब दोन्ही हातांनी पोट धरून लिंबाच्या पाराला टेकले होते आणि त्यांची पगडी अंगणात घरंगळत चालली होती. शिवणबाईंनी ती उचलून, पुसून त्यांना दिली. वकीलसाहेबांना बोलता येईपर्यंत बराच वेळ गेला. बोलता आलं तेव्हा ते म्हणाले, "वर्ग चालू ठेवा."

माझी पाळी एका शनिवारी आली. शनिवारी शाळा सकाळची. सुटल्यावर मी मंडईतून वांगी घेतली आणि भर उन्हात बोळातून निघाले. भोंग्याला अवकाश होता, बोळ ओस पडलेला. पानाच्या दुकानाची फळी लावलेली. एक कासारीण बांगड्यांची पेटी घेऊन सावलीला पेंगत होती, बाकी कुणी नाही. तो भिंतीपासून सुटून माझ्यापुढे आला.

"बाई, आज एकट्याच?"

मी बाजूनं निघाले. तो बाजूला सरकला. मी दुसऱ्या बाजूनं निघाले, तर त्यानं माझं मनगट धरलं. त्याची पकड अशी घट्ट होती की बांगडी हाडात रुतली. इतके दिवस जे शिकले होते ते सगळं डोक्यातून पुसलं गेलं. कोपर कुठलं, टाच कुठली, काही नाही. मला "सोड" असं ओरडायचं होतं. तोंडातून निघालं ते भलतंच. वर्गात रोज दहादा जे ओरडत असे, तेच सगळ्या ताकदीनं निघालं.

"हात पुढे कर!"

आणि त्यानं केला. खरंच केला. लहानपणी मास्तरांनी पाठ करून घेतलेलं त्याच्या हाडात शिरलेलं असणार. त्यानं माझं मनगट सोडलं आणि उजवा हात, तळवा वर करून, छडी घ्यायला पुढं केला. आम्ही दोघंही त्या हाताकडे बघत राहिलो. मला वाटतं, माझ्याइतकंच नवल त्यालाही वाटलं होतं.

तोवर माझा हात माझ्याआधी हलला होता. रोजच्या रोज पोत्यावर जे केलं होतं तेच हातानं केलं. बोटं मागं, गादी पुढं, खालून वर. हनुवटीवर बसायचा वार नाकावर बसला. मग मला टाच आठवली, म्हणून टाच मारली. ती त्याच्या पायावर न पडता दगडावर पडली आणि मी लंगडले. तो मटकन खाली बसला, नाकाला रेशमी सदरा लावून. रडवेल्या आवाजात म्हणाला, "बाई, मी काय केलं?"

त्यावर द्यायला चांगलं उत्तर होतं, पण हेडबाईंचं पळायचं आठवलं. मी लंगडत पळाले. घर उजवीकडे होतं, मी डावीकडे पळाले. शाळेत पोचले तेव्हा मागून कासारीण माझी पिशवी घेऊन धापा टाकत आली. "वांगी राहिली की तुमची," म्हणाली. ती पेंगत नव्हती, तिनं सगळं पाहिलं होतं. संध्याकाळपर्यंत अर्ध्या पेठेला ते तिच्याच तोंडून कळलं.

हेडबाईंनी मला बसवलं, पाणी दिलं, आणि उलटतपासणी घेतली.

"कोणता वार?"

"तळहात."

"कुठे?"

"नाकावर."

"हनुवटी ठरली होती."

"हो बाई."

"टाच?"

"चुकली."

"सोमवारी टाच पुन्हा करू," त्या म्हणाल्या. मग त्यांनी माझा हात आपल्या हातात घेतला आणि बराच वेळ धरून ठेवला.

घरी मी कुणालाच सांगितलं नाही. रात्री नवऱ्यानं माझ्या मनगटावरचा वळ पाहिला. कचेरीत त्याच्या कानावर आलं होतंच. त्यानं एवढंच विचारलं, "हात दुखतोय का?" मी नाही म्हटलं. तो उठून खोबरेल घेऊन आला.

सासूबाईंना कळलं ते दुसऱ्या दिवशी, आणि तेही त्या मुलाच्या आईकडूनच. ती बाई सकाळीच आमच्या घरी आली. अंगावर शालू नव्हता एवढंच, बाकी सगळे दागिने होते. दोन्ही घरांची देवळातली ओळख होती. चटईवर बसता बसता ती म्हणाली, "तुमच्या सुनेनं माझ्या लेकाचं नाक मोडलं."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "का गं?"

"त्यानं हात धरला."

मला वाटलं, माझी नोकरी गेली. सासूबाई उठल्या, आतून साखर आणली, पाहुणीच्या तळहातावर घातली, पाणी दिलं. पाहुणीनं साखर तोंडात टाकली तेव्हा सासूबाई तिच्यासमोर नीट मांडी घालून बसल्या.

"परक्याच्या सुनेचा हात धरतो," त्या म्हणाल्या, "त्याला नाक होतं कुठं मोडायला?"

पाहुणीला साखर गिळायची होती आणि उत्तरही द्यायचं होतं. यातलं एकही तिला जमेना. ती तशीच उठून गेली. महिन्याभरात तिचा लेक होटगीला मामाच्या दुकानात गेल्याचं आम्ही ऐकलं. गल्ल्यावर बसतो, म्हणे, आणि गिऱ्हाइकाशी फार अदबीनं बोलतो.

ती गेल्यावर मात्र सासूबाईंनी दार लावून मला कन्नडात फैलावर घेतलं. त्या रागावल्या की मराठी त्यांना पुरत नसे. "याक हेळलिल्ला?" असं पुन्हा पुन्हा विचारत होत्या, का सांगितलं नाहीस, का सांगितलं नाहीस. मी मान खाली घालून ऐकत होते. बोलून बोलून त्या दमल्या, भिंतीला टेकल्या, आणि थोड्या वेळानं मराठीत म्हणाल्या,

"दाव बरं, कसं मारलंस ते."

मी दाखवलं. त्यांनी कोपऱ्यातली अंथरुणाची वळकटी उभी केली, पदर खोचला, बोटं मागं वळवली आणि तळहाताच्या गादीनं वळकटीला असा एक हाणला, की ती फडताळावर जाऊन आदळली आणि वरचा लोणच्याचा चिनीमातीचा सट हलला. सासूबाईंनी आपल्या हाताकडे उलटसुलट करून पाहिलं.

"सोपं आहे की," त्या म्हणाल्या, आणि वळकटी पुन्हा उभी केली.